बॅटरी उतरेपर्यंत

"तीस टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय जहाजवाले घेत नाहीत," सामान हलवणाऱ्यांचा मुकादम म्हणाला. "भरलेली बॅटरी त्यांना चालत नाही. आगीची भीती असते."

गवत कापायच्या त्या ट्रॅक्टरच्या छोट्या पडद्यावर नव्वदचा आकडा होता. बाबांनीच आदल्या दिवशी येऊन चार्जिंग करून ठेवलं होतं. एवढ्या लांब जायचंय, पोट भरलेलं असावं, इतकाच त्यांचा साधा विचार.

लेकीचं घर रिकामं झालं होतं. फाटकाशी कंटेनर उभा होता, बागेत मोठं लाकडी खोकं तयार होतं, आणि सगळं अडलं होतं ते या ट्रॅक्टरपाशी. चिकटपट्टी दातांनी तोडत लेक म्हणाली, "बाबा, तुम्हीच फिरवा. दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाही."

बाबा असे चटकन सीटवर चढून बसले, की मुकादमाची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

खरं सांगायचं तर गवत हे निमित्त होतं. लेकीच्या घरी उगाच जाऊन बसणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. काम असलं की कसं, माणसाला ताठ मानेनं जाता येतं. म्हणून ते दर रविवारी यायचे, गवत कापायचे, मग लेक चहा आणायची आणि तो संपेपर्यंत जरा टेकायला हरकत नसायची. गवत बोटभर वाढलेलं नसलं तरी आल्या आल्या म्हणायचे, "वाढलंय बरं का."

आता लेक परदेशी चालली होती, आणि तिच्याबरोबर ट्रॅक्टरही. त्याचंच बाबांना कोडं होतं. जावई आधीच तिकडे पोचला होता आणि फोनवर घसा कोरडा करून सांगत होता, विकून टाक, इकडे नवा घेऊ. लेक हटून बसली होती. आईवर गेलीय, दुसरं काय, असं म्हणून बाबांनी तो विषय सोडून दिला होता.

त्यांनी पाती वर उचलून घेतली आणि कुंपणाच्या कडेकडेनं निघाले, अगदी वरातीच्या चालीनं. प्रत्येक फेरीत स्वयंपाकघराची खिडकी लागायची. कधी खिडकीत लेक खोक्यावर वाकलेली दिसायची, कधी नसायची. नसली की बाबा आणखी हळू व्हायचे. आता असंच व्हायचं, त्यांच्या मनात येत होतं. खिडकी असेल, ती नसेल.

"बाबा, पाती चालू करा की," लेकीनं आतून हाक मारली. "लवकर उतरेल."

"कापलेलं गवत पुन्हा काय कापायचं? जमीन खरवडू का?"

मुकादमाची माणसं कंटेनरच्या सावलीत डबे उघडून बसली, तेव्हा बाबांनी ट्रॅक्टर गुपचूप शेडमध्ये नेला. इकडेतिकडे पाहिलं. खिळ्यावरची वायर काढली, प्लग लावला आणि वर एक पोतं टाकलं. थोडंच, त्यांनी स्वतःला बजावलं. तेवढ्याच दोन फेऱ्या जास्त.

जेवण उरकून मुकादम आला आणि पडद्यावर वाकला. मग त्यानं डोकं खाजवलं.

"काका, मघाशी साठच्या खाली आला होता. आता वर कसा चढला?"

"जुनी बॅटरी आहे," बाबा म्हणाले. "तिच्या मनाला येईल तसं करते."

लेक शेडच्या दारात उभी होती. पोत्याखालून बाहेर आलेलं वायरचं काळं शेपूट तिला दिसलं. ती भिंतीपर्यंत गेली, प्लग काढला आणि वायर पंजा आणि कोपराभोवती गुंडाळायला लागली, लहानपणी बाबांनी शिकवलं होतं तशी. बाबांचे कान तापले. या वयात चोरी पकडली जाणं फार वाईट.

"एवढा खटाटोप कशाला ताई?" मुकादम वैतागला होता. "तिकडे नवा मिळाला असता की. तुमचे मिस्टर चालवतात का हा?"

"छे. एकदाच बसले, तर थेट झाडावर नेला."

"मग तुम्ही?"

"मला तो सुरूसुद्धा करता येत नाही."

"मग तिकडे चालवणार कोण?"

लेक वायर गुंडाळत राहिली. संपली तरी तिचा हात थांबेना.

"तिकडे गवत फार भराभर वाढतं म्हणे," ती म्हणाली. बोलत होती मुकादमाशी, बघत होती बाबांकडे. "कुणीतरी यायला लागेल."

बाबांनी बाहीनं पडदा पुसला, मग त्याच बाहीनं डोळे.

"खोक्याचं झाकण तयार ठेवा," ते मुकादमाला म्हणाले आणि सीटवर चढले.

ट्रॅक्टर शेडमधून बाहेर आला. बाबांनी पाती खाली सोडली, बटण दाबलं, आणि नुकत्याच कापलेल्या गवतावर ती घरघरा फिरायला लागली. मग त्यांनी, भर उन्हात, पुढचे दोन्ही दिवे लावले.