रंगाचे मानकरी

वडिलांनी स्ट्रॉबेरी चावली आणि त्यांचं तोंड हलायचं थांबलं. उरलेला अर्धा तुकडा त्यांनी उजेडात धरला. आतून पांढराफटक.

"रोप आपलंच आहे," ते म्हणाले. "फळ परक्याचं आहे."

लेकीनं आणखी एक फळ कापलं. तेही पांढरंच. वाफ्यात रोग शिरला आणि वडिलांनी आयुष्यभर जपलेलं वाण होत्याचं नव्हतं झालं, तेव्हा शेवटच्या रोपाचा कोंब तिनंच आपल्या प्रयोगशाळेत नेला होता. धुतला, औषधात बुडवला, बाटल्यांत वाढवला. ज्या बाटलीत रोपाच्या बुडाशी गुलाबी साय धरे, ती खराब म्हणून बाद. स्वच्छतेच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे, स्वतःच्याही नाही. एका कोंबाची वाफाभर रोपं झाली, निरोगी, तरारलेली. आणि फळं ही अशी!

आल्यागेल्याला फळ कापून गाभ्यापर्यंतचा लाल रंग दाखवायचा आणि "हा माझ्या हाताचा गुण" म्हणायचं, ही वडिलांची जुनी खोड. आज तो हात मुकाट्यानं खिशात गेला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई कान तुटलेला कप घेऊन आली. कपात स्ट्रॉबेरीचं रोप होतं, त्याला एकच फळ.

"माझ्याही रोपानं फळ धरलंय, बघा."

"हे कुठून आणलंस?" लेकीनं विचारलं.

"तूच टाकायला काढलेली बाटली. इतकं हिरवंगार रोप, मला टाकवेना. तू रागावशील म्हणून बोलले नाही."

वडिलांनी ते फळ कापलं. गाभ्यापर्यंत लाल.

त्यातलं अर्धं आणि एक फिकं फळ घेऊन लेक प्रयोगशाळेत पळाली. फिक्या फळाचा रस सूक्ष्मदर्शकाखाली रिकामा होता. लाल फळाच्या रसात जिवाणूंची झुंबड उडाली होती. त्या गुलाबी सायीतलेच होते ते. इतके दिवस ती ज्यांना घाण म्हणून फेकत आली, तेच. तिनं ते जिवाणू वाढवले, फिक्या रोपांच्या मुळाशी घातले आणि नव्या बहरापर्यंत देव पाण्यात घालून बसली.

बहर आला. फळं लालबुंद झाली, आतूनसुद्धा. चव घेताना वडिलांचे डोळे भरून आले. लेक त्यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेली.

"हे फळाच्या आत राहतात, बाबा. यांची सोबत असली की फळाला रंग चढतो, गोडी येते. मी घर वाचवलं आणि घरातल्यांनाच बाहेर काढलं होतं."

वडिलांनी चष्मा काढून भिंगाला डोळा लावला. मग त्या काचेवरच्या थेंबाशीच बोलले.

"इतके जण राबत होतात होय रे! आणि शाबासकी मी एकटाच घेत होतो."