गार कपाळ

"गार तर आहेस," लेक रेणूच्या कपाळाला हात लावून शेवंता म्हणाली. "पडून राहा, भाकऱ्या उरकून आलेच."

मधुमेहाने बधिर झालेल्या शेवंताच्या हातांत डॉक्टरांनी कृत्रिम नसा बसवल्या होत्या. पण खानावळीचा तवा सोसवेना, म्हणून हातांना जाणवणारी उष्णता तिने अगदी कमी करून घेतली होती. वर्षभरात तिला त्याचा विसरही पडला होता.

संध्याकाळी रेणूला तापाने झटके आले आणि लेकरू गेलं.

सकाळी अंगणात नणंद हलकेच म्हणाली, "वहिनी, शेवटचा हात फिरव तिच्यावरून."

शेवंताने कपाळावर तळवा टेकला आणि तिथेच राहू दिला.

"कालच्याइतकीच गार लागतेय गं," ती म्हणाली. "मग गेली कशी म्हणता?"