फडकं कोणी सोडलं?

पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. मॅनेजर गायधनी साहेब त्या हिरव्याकडे बोट दाखवून मालकीणबाईंना सांगत होते, की महिनाभरात आलेल्या तक्रारींपैकी एकही उघडी नाही. खाली शेडमध्ये पत्रा ठोकणाऱ्या प्रेस धपधप पडत होत्या. प्रत्येक दणक्याला टेबलावरचा चहा थरथरत होता.

टेबलाच्या टोकाला रोहिणी बसली होती. अंबडच्या या कारखान्यात ती क्वालिटीचं काम बघायची, आणि पडद्यावरचं ॲप तिनंच बनवलं होतं. कोडबिड काही लिहायचं नाही. चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे, झालं. आधी महिनाभर एकाच शेडमध्ये चालवून बघायचं आणि जमलं तर मालकांच्या बाकीच्या कारखान्यांत न्यायचं, असं ठरलं होतं. अशा चाचणीला ऑफिसात पीओसी म्हणायचे. आज तिचा निकाल होता.

ॲपचं नाव तिनं ‘फडकं’ ठेवलं होतं. शेडची जुनी रीतच तशी होती. प्रेसमध्ये काही बिघडलं, की चालवणाऱ्यानं हँडलला लाल फडकं बांधायचं. फडकं असेपर्यंत ती प्रेस कोणी चालवायची नाही, आणि ज्यानं बांधलं त्यानंच ते सोडायचं. मॅनेजर असो नाहीतर खुद्द मालक, दुसऱ्यानं हात लावायचा नाही म्हणजे नाही. चाचणी सुरू झाली आणि गायधनी साहेबांनी सगळी फडकी गोळा करायला लावली. बाहेरचे पाहुणे येतात, त्यांना ही लक्तरं कशाला दाखवायची, म्हणाले. आता मोबाइलवर बटण दाबा. तुमचं फडकं पडद्यावर लाल दिसेल, शेडमधल्या सगळ्यांचे मोबाइल वाजतील.

रोहिणी एकेक ओळ वाचत होती. ट्यूबलाइट गेली. तेल गळतंय. पंखा बंद. मग एका ओळीवर तिची नजर अडकली. तक्रार तानुबाईची होती. सेन्सर बंद आहे, हात आत असला तरी प्रेस खाली येते. आणि पुढे हिरव्या अक्षरांत, निकाली.

पेठकडची तानुबाई ठेकेदारामार्फत प्रेसवर लागलेली. सकाळी गेटवर तिनं रोहिणीला गाठलं होतं. “ताई, माझं फडकं कोनी सोडलं?” एवढंच तिनं विचारलं. दुरुस्त झालं असेल, बघते, असं सांगून रोहिणी डेमोच्या घाईत वर निघून आली होती.

तिनं लॅपटॉप पुढे ओढला. तिच्या चौकोनांच्या मध्ये एक नवाच चौकोन घुसला होता. शिफ्ट संपली, की उघडी तक्रार आपोआप निकाली. हे चौकोन-बाणांचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या राकेशकडे तिनं पाहिलं. मान खाली घालून तो पुटपुटला, की साहेबांनीच सांगितलं, डेमोपुरतं.

डेमोपुरतं! बाईचा हात तिकडे प्रेसखाली, आणि इकडे यांचा डेमो. रोहिणीचं डोकंच सणकलं. महिनाभर ती या बायकांच्या मागे लागून त्यांना बटण दाबायला शिकवत होती. तुमचं ऐकलं जाईल, असा शब्द तिनंच दिला होता. आणि तिच्याच ॲपमध्ये, तिला न विचारता, ही लबाडी भरून ठेवली होती.

“साहेब, तानुबाईचं फडकं कोणी सोडलं?”

“सिस्टिमनं,” गायधनी साहेब हसत म्हणाले.

“सिस्टिमला बोटं आहेत का, साहेब? उद्या तुटली तर कोणाची तुटणार?”

मालकीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. गायधनी साहेबांनी डोळे वटारले आणि आपण नंतर बोलू म्हणाले. तिला बढती द्यायचं चाललंय, हेही त्यांनी मध्येच घुसडलं. रोहिणीनं ऐकून घेतलं, आणि सगळ्यांच्या देखत तो चौकोन उडवला. ज्याची तक्रार, त्यानंच निकाली काढायची, हा जुना बाण तिनं परत जोडला. पडद्यावर तानुबाईची ओळ लाल झाली.

खाली एक प्रेस पडायची थांबली.

“एकच तर आहे,” गायधनी साहेब मालकीणबाईंना म्हणाले. एका सेन्सरसाठी या रोहिणीनं केवढा तमाशा केला, आत्ता माणूस पाठवतो, चाचणी पास झाली म्हणूनच समजा. ते बोलतच होते. तेवढ्यात खाली दुसरी प्रेस थांबली. मग तिसरी. मग मोजायलाही सवड मिळाली नाही. टेबलावरचा चहा गप्प झाला. लाइट गेली असेल, असं साहेब म्हणाले खरं, पण त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

मालकीणबाई उठल्या आणि तडक जिना उतरल्या. मागोमाग सगळे.

तानुबाई मोबाइल छातीशी धरून आपल्या प्रेसपाशी उभी होती. बाकीच्या बायकांच्या प्रेसचेही सेन्सर बंदच होते, पण महिनाभरात त्यांनी सेन्सरची एकही तक्रार टाकली नव्हती. आधी तानुबाईचं काय होतं ते बघू, असं त्यांचं आपापसात ठरलं होतं. काल संध्याकाळी ते आपोआप हिरवं झालेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि आत्ता परत लाल झालेलंही. फडकी गोळा केली तेव्हा प्रत्येकीनं एकेक डब्याच्या पिशवीत लपवून ठेवलं होतं.

वर पडद्यावर लाल ओळ एकच होती. खाली एकूण एक प्रेसला फडकं बांधलेलं होतं.