साध्या पाण्याची रेघ

पडद्यावर ती रेघ पुन्हा उमटली. थोरलीने डोळे चोळले. प्रयोगशाळेत सगळे तिला थोरलीच म्हणत, कारण सरांच्या हाताखाली तिच्याइतकी वर्षं कुणीच काढली नव्हती.

पोलादी चेंबरमधली हवा पंपांनी उपसून काढायची, आत जड पाण्याची किंचित वाफ सोडायची, तिच्यावर लेसर टाकायचा आणि नेमक्या किती ऊर्जेला रेणूतला इलेक्ट्रॉन सुटतो ते मोजायचं, हे सरांचं शेवटचं काम. ते अर्धं टाकून सर गेले. आणि आता जड पाण्याच्या बारीक रेघांमध्ये साध्या पाण्याची ही रेघ लुडबुडत होती. उपाय सोपा होता. चेंबर तापवला की भिंतींना चिकटलेलं पाणी सुटतं आणि पंप ते ओढून घेतात. तापवायच्या पट्ट्या गुंडाळून तयार होत्या. बटण तेवढं दाबायचं होतं, आणि नेमकं तेच तिच्याने होत नव्हतं. या आठवड्यानंतर लेसर दुसऱ्या गटाकडे जाणार होता.

सरांच्या पत्नी त्यांचं सामान न्यायला आल्या होत्या. स्वेटर, चष्म्याचं घर, कान तुटलेला कप, सगळं पिशवीत भरून झालं, तरी त्यांचा पाय निघेना.

"हे काय दिसतंय गं?"

"पाणी, काकू."

"आत कुठून आलं पाणी?"

थोरली जरा घुटमळली. मग तिने सांगून टाकलं. "चेंबर शेवटचा सरांनीच उघडला होता. आतल्या वाफ सोडायच्या सुईवर धूळ दिसली, म्हणून वाकून फुंकर मारली. आम्हाला मात्र मास्क लावल्याशिवाय जवळ फिरकू द्यायचे नाहीत."

काकूंना हसू आलं आणि तिथेच थांबलं. "फुंकर मारल्याशिवाय ह्यांचं काही व्हायचंच नाही. गार झालेल्या चहावरसुद्धा मारायचे." त्या पडद्याच्या आणखी जवळ गेल्या. "म्हणजे हे..."

खोटं बोलणं थोरलीला जमेना. "सगळं नाही, काकू. बरंचसं खोलीतल्या हवेतलं असणार. सरांच्या श्वासातलं अगदी थोडं."

"पण आहे ना?"

"आहे."

काकू त्या रेघेकडे बघत राहिल्या. "मग अडलंय कुठे तुझं?"

"तापवलं की जाईल सगळं. पुन्हा नाही यायचं." थोरलीने बाहीने डोळे पुसले. सर गेले त्या दिवशीही ती रडली नव्हती.

"अगं, मग दाब की ते बटण. काम अडकवून ठेवलेलं ह्यांना कधी खपलंय का?"

थोरलीने बटण दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग चेंबर हळूहळू तापला आणि रेघ चढू लागली. बघता बघता ती दुप्पट झाली.

"वाढतेय गं ही!"

"आधी वाढतेच, काकू. भिंती सोडताना सगळं एकदम बाहेर येतं."

"आणि मग?"

"मग उतरत जाते. शेवटी दिसेनाशी होते."

काकूंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, सरांचं स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसल्या.

"बसते मी तोवर," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात शेवटच्या दिवशी आत सोडलं नव्हतं मला."