भिंतीपलीकडची खडखड

हेमालीच्या घराला लागूनच अन्सारीचाचांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना. खडखडाटाने लेक अनय झोपत नाही म्हणून दोन वर्षं ती लाटण्याने मधली भिंत बडवत आलेली.

याच आठवड्यात, लूमच्या खडखडाटात, अनय पॉटीवर बसायला शिकला होता. आज शुक्रवार, कारखाना बंद, आणि बसून बसून पोर रडकुंडीला आलं तरी काही होईना.

"आई, खडखड कुठंय?" त्याने विचारलं.

हेमाली तशीच चाचांच्या दारात गेली. "चाचा, पाच मिनटं एक लूम चालू कराल? अनयला बसवलंय."

चाचांनी आत जाऊन लूमचं बटण दाबलं.

थोड्या वेळाने आवाज थांबला. पलीकडून हलकेच भिंत वाजली. "बेटी, हो गया?"

"झालं, चाचा," म्हणत हेमालीने त्याच भिंतीला हात जोडले.