आधीच्या मालकाचा हात

आधीच्या मालकाचा हात पुसून न घेता जुनी गाडी उचलली, तर माधव पोतनिसांचे चाळीस हजार वाचणार होते. मालकाच्या सवयी स्टिअरिंगमध्ये मुरतात आणि पुढे ते स्टिअरिंग धरणाऱ्याच्या हातांत उतरतात; त्या पुसायचे पैसे वेगळे.

"पुसून घ्या, साहेब. माणूस तापट होता," दलाल म्हणाला.

"आयता कसलेला हात मिळतोय, तो पैसे देऊन पुसू?"

घाटातली वळणं लाल स्पोर्ट्स कारने लीलया घेतली. जन्मभर स्कूटर चालवलेले पोतनीस हरखून गेले.

"अहो, जरा हळू!" शेजारी बसलेल्या वैजयंतीबाई ओरडल्या.

पोतनिसांचा डावा हात गिअरवरून उठला, सराईतपणे बायकोच्या गालावर बसला आणि परत गिअरवर आला.

"मी नाही गं मारलं," पोतनीस पुटपुटले.

चाळीस हजार त्यांचे वाचले होते, भरले वैजयंतीबाईंनी.