मनगटाचा फोटो

सतरा वर्षांखालच्या मुलांच्या आफ्रिका चषकाआधी युगांडाच्या संघातल्या सगळ्यांच्या मनगटाचे एमआरआय फोटो काढले. हाडावरून वय कळतं. गोलरक्षक ओजाराच्या हाडाने सांगितलं, सतरा केव्हाच उलटली.

"भरा बॅग, आजोबा!" प्रशिक्षक मुसोके कडवट हसले. "खोटं वय सांगताना आमची तरी लाज धरायचीस."

"सर, शपथेवर सांगतो, अजून सोळाच चालू आहे मला."

कोणी ऐकेना. मैदानाबाहेर येऊन त्याने गावी आईला फोन लावला. "आई, माझी जन्मतारीख सांगताना तुझी चूक झाली का गं? सगळे मला लबाड म्हणतायत."

"तारीख कशी चुकेल, बाळा? तो दिवस मी विसरेन होय?" मग आई हळूच म्हणाली, "बंडखोरांनी पलीकडचं गाव जाळलं होतं. तू ज्वारीच्या शेतात एकटाच पडला होतास. भुकेने इतका वाळला होतास की मानसुद्धा सावरत नव्हती. मला वाटलं, कालपरवाच जन्मलेला असशील. तुला उचलून घेतलं, त्या दिवसापासून मोजत आले रे मी."